पन्नास मिनिटं उशिरा

डेअरीच्या भंगारातून मी तो लॅपटॉप उचलला तेव्हा
बेल्मिरु म्हणाला, ह्याला आता वासरूही हुंगणार नाही.
एक बिजागरी तुटलेली, ‘ई’ची कळ गायब,
आतल्या विंडोजला धाप लागलेली.
मी सगळं पुसून लिनक्स घातलं.
(पुसताना डेअरीचा मार्चचा हिशेबही गेला.
तो मी नंतर अंदाजानं लिहून काढला. कोणाला सांगू नका.)

काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं
मुंग्यांसारखी रांगेनं खाली उतरली
आणि शेवटच्या ओळीवर अडली :
फर्मवेअर सापडलं नाही.

वायफायचं कार्ड होतं, पण मुकं.
चार रात्री मी त्याच्या दाताखाली काय काय दिलं.
शेवटी कुणा परक्यानं लिहिलेला ड्रायव्हर मिळाला,
त्यात मध्येच त्याची टीप :
‘खालची ओळ का चालते मला कळलेलं नाही. काढू नका.’
मी काढली.
बंद.
परत ठेवली, आणि कार्डाचा हिरवा दिवा
डोळा चोळत उठला.
त्या माणसाचं नाव नव्हतं, नुसती तारीख होती,
वेळ पहाटे तीनची.

आता बोलायचं कुणाशी?
कंपनीची केबल बंदरापर्यंत येते,
आमचं गाव वर कड्यावर, आणि केबलला गुडघे नसतात.
समोर पीको बेट. मध्ये अठरा किलोमीटर पाणी.
पलीकडे झुल्मिरा, काळ्या दगडांच्या कुंपणात द्राक्षं लावणारी,
तिच्या घरी लाइन होती आणि वाइनच्या कोठारावर छप्पर.
फोनवर तिला म्हटलं, एक अँटेना ठेवू का?
ती म्हणाली, कबुतरं बसणार नसतील तर ठेव.

टीव्हीची जुनी छत्री, तोंडाशी कॉफीचा डबा,
डब्यात नखाएवढी तांब्याची तार.
गोठ्याच्या भिंतीवर मी, खाली बेल्मिरु,
डावीकडे, अजून, अजून, अरे थांब गाढवा.
पिंग सोडला.
चौसष्ट बाइट गेले समुद्रावरून
आणि चौसष्टच्या चौसष्ट परत आले.
एकही भिजला नव्हता.

मग रोज एकदा लिंक मरू लागली.
मी कर्नलवर संशय घेतला, राउटरवर घेतला,
धुक्यावर घेतला, फेरीबोटीवर घेतला,
तीन वेगवेगळी डिस्ट्रो घालून पाहिली,
बेल्मिरुच्या वेल्डिंगला दोन दिवस शिव्या दिल्या.
वहीत वेळा लिहीत गेलो.
संध्याकाळी फोनवर झुल्मिराला वाचून दाखवल्या :
सोमवारी दोन दहा. मंगळवारी तीन. बुधवारी तीन पन्नास.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, हा बिघाड नाही रे.
रोज पन्नास मिनिटं उशिरा, ही ओहोटी आहे.
माझा औरेलिउ ह्याच वेळापत्रकावर घरी यायचा.
यायचा तेव्हा.

पाणी खाली गेलं की त्याच्यावरून उडालेली लहर
सरळ आलेल्या लहरीला नेमकी खोडते.
पुस्तकात सापडलं ते, पान दोनशे बारा, बारीक अक्षरात.
मी दुसरी छत्री तीन मीटर खाली बसवली.
एक बुडाली की दुसरी धरते.
आता गावात सगळ्यांकडे आहे.
फेलिस्बेलाची नात टोरांटोहून आजीला दात दाखवते, पडलेला,
पोरं फुटबॉल बघतात, लोक मलाच विचारतात आज हळू का.
वहीतली पानं दीड महिना कोरी.

झुल्मिराचा फोन मात्र येतोच.
लिंक गेली का?
नाही.
बरं.
आणि ठेवत नाही लगेच. द्राक्षांवर काय पडलंय ते सांगते.

परवा पावणेसहाला आला होता.
काल सहा पस्तीसला.
आज सात पंचवीसला.
मी काही विचारलेलं नाही.
उद्या सव्वाआठला गायी धारेला असतील,
फोन वरच्या खिशात ठेवीन.